पत्र लिहिणाऱ्याचा नमस्कार

हिंगोलीत तहसील कचेरीसमोरच्या गल्लीत साधनाचं झेरॉक्सचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. आई होती तोवर मागून खोकल्याचा, भांड्यांचा, रेडिओचा आवाज यायचा. आई गेली आणि मागचं घर गप्प झालं. साधना लग्न होऊन परभणीला गेली होती ती वर्षाच्या आतच परत आली. त्याला आता इतका काळ लोटला होता की त्याबद्दल कुणी काही विचारत नव्हतं, वाईट वाटून घ्यायलाही कुणी उरलं नव्हतं. भाऊ पुण्याला. दिवाळीला त्याचा फोन यायचा. एरवी तिचा फोन वाजला की पलीकडे कागदाची रिमं पुरवणारा, नाहीतर “ताई, दुकान चालू हाय का?” असं विचारणारं कुणीतरी.

मधल्या काळात तिचं काम एकाएकी वाढलं. लोक जातीच्या दाखल्यासाठी आपापल्या पूर्वजांच्या जुन्या नोंदी शोधू लागले. माळ्यावरच्या पेट्या खाली आल्या, गाठोडी सुटली. उर्दूतली खरेदीखतं, शाळेचे पिवळे पडलेले दाखले, शेतसाऱ्याच्या पावत्या असं सगळं घेऊन माणसं यायची आणि तिच्या काउंटरवर पसरायची. त्यात पोस्टकार्डंही निघायची. बहुतेक कार्डांच्या मधोमध भोक असायचं, कारण घराघरात आढ्याला एक वाकडी तार टांगलेली असे आणि आलेलं पत्र वाचून झालं की तिच्यात ओवून ठेवत. कचेरीत या कार्डांना काही किंमत नव्हती. लोक ती बाजूला सारायचे.

“हे काय कामाचं न्हाई ताई, टाकून द्या.”

पहिलं कार्ड साधनानं टाकायच्या आधी सहज वाचलं. कुणीतरी कुठूनतरी घरी लिहिलं होतं, ‘काळ्या बैलाचे खांद्यास गाठ आली होती ती फुटली किंवा कसे ते कळवावे. एरंडेल लावीत जाणे. जुवास लावण्याची घाई करू नये.’ एवढंच, आणि खाली नमस्कार. दिवसभर ती झेरॉक्स काढत राहिली आणि तिच्या डोक्यात तो बैल राहिला. गाठ फुटली असेल का? बैल मरूनही किती वर्षं झाली असतील. तरी तिला चैन पडेना. ते कार्ड तिनं टाकलं नाही.

मग ती मागून घेऊ लागली. “टाकायचीच आहेत तर मला ठेवू देता का?” म्हटलं की लोक हसून देऊन टाकायचे. दुकान बंद केलं की ती कार्डं गावावारी लावायची. जेवण एका ताटाचं, त्याला वेळ किती लागणार? उरलेली संध्याकाळ कार्डांची.

तिला वाटलं होतं, जुन्या पत्रांत काहीतरी मोठं असेल. मोठं काहीच नव्हतं. मिरच्या वाळल्या असतील तर येणाऱ्याबरोबर पाठवा. इकडे नळाचे पाणी आहे पण तहान भागत नाही. लेकरास गोवर निघाला असल्यास अंगणात सोडू नये. शेळी विकू नये, मी आल्यावर बघू. चिंचा फोडून ठेवाव्या. मोटेचा नाडा नवीन करून घ्यावा. कार्ड उघडं असल्यामुळे वाटेत कुणीही वाचणार, म्हणून नवरा बायकोचं नाव कधी लिहीत नसे. ‘घरातील मंडळीस सांगणे’ एवढाच तिचा उल्लेख. पण कुणी तीन ओळीत तीनदा तांबड्या गाईची चौकशी केली असेल तर साधनाला कळायचं की चौकशी गाईची नाही.

आणखी एक गोष्ट तिच्या उशिरा ध्यानात आली. एवढ्या कार्डांत मरण कुठेच नव्हतं. आजारपण होतं, पडणं-झडणं होतं, मेल्याची खबर मात्र एकही नाही. मग तिला आईचं बोलणं आठवलं. वाईट बातमीच्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे, आणि ते वाचलं की लगेच फाडून टाकत, घरात ठेवत नसत. म्हणजे तिच्या खोक्यातली सगळी माणसं जिवंत होती. पत्रं फक्त मधेच थांबायची.

पुसेगावचं बाड आणलं ते भागवत नावाच्या शेतकरी तरुणानं. आजोबांची पेटी उघडली होती. त्याला हवा तो कागद मिळाला नाही, पण आजोबांनी पैठणकडच्या धरणाच्या कामावरून धाडलेली पत्रं निघाली. दुष्काळाच्या साली गावातले बरेच जण तिकडे गेले होते. आजोबा सोनाजी आता हयात नव्हते.

“आज्याला लिहिता येत न्हवतं,” भागवत म्हणाला. “कुणाकडून तरी लिहून घ्यायचा. घ्या तुमी.”

त्या रात्री साधनानं ती वाचायला घेतली आणि तिला अक्षर ओळखीचं वाटलं. लिहिणारा आधी पूर्ण ओळीची रेघ ओढायचा आणि मग तिच्याखाली अक्षरं टांगायचा, दोरीवर कपडे टांगावेत तशी. हे अक्षर तिनं पाहिलं होतं. तिनं पुसेगावचा आधीचा गठ्ठा काढला. संतराम नावाच्या माणसानं आपल्या बापाला लिहिलेली पत्रं त्यात होती. तीच रेघ, तीच टांगलेली अक्षरं. संतराम आणि सोनाजी वेगळे, दोघांची काळजी वेगळी, राग वेगळा, पण हात एकच. आणि प्रत्येक कार्डाच्या तळाला, पत्ता सुरू होण्याआधी उरलेल्या चिंचोळ्या जागेत, एक बारीक ओळ होती.

‘पत्र लिहिणार भीमराज याचा घरातील लहानथोरांस नमस्कार.’

लिहून देणाऱ्याची अशी एक ओळ असायची, हे तिला माहीत होतं. पण बाकीचे लिहिणारे कधी घालत, कधी विसरत. भीमराज एकदाही विसरला नव्हता. कार्ड गच्च भरलं असलं तर त्यानं ती ओळ समासात उभी घातली होती. दुसऱ्यांच्या बैलांची, मिरच्यांची, रुसव्याफुगव्यांची एवढी पत्रं लिहिणाऱ्या या माणसाचं स्वतःचं एकही पत्र नव्हतं. फक्त ही ओळ. साधना ती पुन्हा पुन्हा बघत राहिली. आपल्याला कुणी इतक्या नेमानं नमस्कार धाडला असता तर, असं काहीतरी तिच्या मनात आलं, आणि ती उठून भांडी घासायला गेली.

रविवारी ती पुसेगावला गेली. भागवतला फोन करून ठेवला होता. बस स्टँडवर तो मोटारसायकल घेऊन उभा होता.

घरी त्याची आजी शालूबाई ओसरीत सोयाबीन निवडत बसली होती. कानाला चांगली होती, डोळ्यानं अधू. साधनानं पत्रं आणलीत म्हटल्यावर तिनं सूप बाजूला ठेवलं.

“वाच बरं,” ती म्हणाली. “लई दिस झाले त्याचा आवाज आईकून.”

साधनानं एक कार्ड वाचलं. सोनाजीनं विहिरीच्या काठावरच्या आंब्याची विचारपूस केली होती, थोरल्या लेकराच्या कानाचं विचारलं होतं. शालूबाई मधे मधे “व्हय, व्हय” करत होती. ‘कमी-जास्त लिहिले असल्यास माफी असावी’ आलं, तशी तिनं पदर सावरला, संपलं म्हणून. साधना वाचत राहिली. “पत्र लिहिणार भीमराज याचा घरातील लहानथोरांस नमस्कार.”

शालूबाई थांबली.

“हे काय वाचलं तू?”

साधनानं पुन्हा वाचलं.

“असं त्याच्यात लिवलेलं हाय?”

“सगळ्याच पत्रांत आहे, आजी.”

शालूबाईनं कार्ड मागून घेतलं आणि त्यावरून बोट फिरवलं. मग तिनं सांगितलं. त्या वेळी शाळेचे रामजी गुरुजीच टपालाचंही बघायचे. पत्र आलं की बायका त्यांच्या ओट्याखाली जमायच्या. गुरुजी वाचून दाखवायचे, उत्तरही तेच लिहायचे. “माफी असावी म्हणले की कार्ड हातात द्यायचे. त्याच्या म्होरं कधी वाचलं न्हाई त्यांनी. आमाला काय ठावं, म्होरं कायी हाय ते?”

“काहून वाचलं नसेल?”

“भीमराज बुद्धवाड्यातला,” शालूबाई म्हणाली. “पद्माबाईचा पोरगा. त्याचा नमस्कार आमच्या घरात कसा वाचायचा, म्हणून.” तिनं सुपातले खडे वेचायला हात घातला आणि तसाच काढून घेतला. “पद्माबाई आमच्याच वावरात निंदायला यायची. मी अन् ती बराबर काम करायचो.”

भीमराज धरण झाल्यावर गावी राहायला आलाच नाही, वसमतकडे साखर कारखान्यात नोकरीला लागला, असं ती म्हणाली. त्याचा पुतण्या प्रेमानंद गावातच होता. भागवतनं त्याच्याकडून नंबर आणून दिला. निघताना शालूबाईनं साधनाचा हात धरला.

“भेटला तर सांग. शालू वैनीला तुझा नमस्कार आता पोचला म्हणावं. उशीर झाला.”

वसमतला जाताना साधनाच्या मनात आनंद होता. बऱ्याच दिवसांत ती कुणासाठी तरी काहीतरी घेऊन चालली होती. बसमध्ये तिनं दोनदा पिशवीत हात घालून कार्डं आहेत ना ते पाहिलं. हळद शिजवण्याचे दिवस होते. गावाच्या अलीकडेच शेताशेतात कढया लागलेल्या दिसत होत्या आणि उघड्या खिडकीतून तो उग्र ओला वास आत येत होता.

भीमराज दारातच उभे होते. उंच, ताठ, पांढरा सदरा इस्त्रीचा. घर स्वच्छ होतं आणि त्यात दुसऱ्या माणसाची काही खूण नव्हती. एक खुर्ची, एक कॉट, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि शेजारी बायकोचा. लेक सपना नागपूरला नर्स होती. त्यांनी स्वतः चहा केला, दोन कपांत ओतला, आणि मग कार्डं हातात घेतली.

“अक्षर माझंच,” ते म्हणाले. “रेघ आधी मारायची, म्हंजे ओळ तिरपी जात न्हाई.”

ते एकेक कार्ड वाचू लागले. वाचताना हसले. “हा संतराम. याला वाटायचं बाप बैल इकंल. दर पत्रात तेच. अन् सोनाजी दादा सांगायचा कमी, गप बसायचा जास्ती. मी इचारायचो, लिहू का? तो म्हणायचा, थांब.” तळाच्या ओळीवर आल्यावर त्यांचा अंगठा तिथं थांबला.

“ही ओळ तुमची,” साधना म्हणाली.

“व्हय. लिहिणाऱ्याला एका ओळीचा मान असतो. तेवढी मागावी लागत न्हाई.” त्यांनी कार्ड खाली ठेवलं. “ती माझ्या आईसाठी होती.”

साधनाला समजलं नाही.

“आईला अक्षर येत न्हवतं. वाड्यात तवा वाचणारं कुणी न्हवतं. गुरुजी आमच्याकडं येणार न्हाईत, अन् ती त्यांच्या ओट्यापाशी जाऊन उभी राहणार न्हाई. मग मी पत्र कोणाला लिहायचं? पण ती सोनाजी दादाच्या वावरात जायची. मी म्हणलं, पत्र वाचलं की शालू वैनी निंदता निंदता सांगंलच. पद्माबाई, तुझ्या पोराचा नमस्कार आलाय. म्हंजे पोरगं जिवंत हाय, धड हाय. आईला अजून काय लागतं?”

ते बोलत होते तोवर साधनानं चहाचा कप दोन्ही हातांत धरला होता. शालूबाईचा निरोप तिच्या तोंडाशी आला होता तो तिथंच राहिला.

“पुसेगावला जाऊन आलात म्हणता,” भीमराज म्हणाले. “शालू वैनी हायत?”

“आहेत. त्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय.”

“सांगत व्हत्या का त्या आईला?”

हो म्हणणं सोपं होतं. एक शब्द, आणि तो तपासायला आता कुणी उरलं नव्हतं. साधना ‘हो’ म्हणायला तोंड उघडून बसली. पण हा माणूस तिच्याकडे असा बघत होता की तिला खोटं जमेना.

“गुरुजी ती ओळ वाचतच नव्हते,” ती म्हणाली. “माफी असावीपर्यंत वाचायचे. शालूबाईला परवा मी वाचली तेव्हा कळलं.”

रस्त्यावरून एक हळदीचा ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज लांब जाईपर्यंत भीमराज तसेच बसले. मग त्यांनी कार्डं गोळा केली, कडा जुळवल्या.

“आई म्हणायची,” ते म्हणाले. “सुट्टीवर आलो की म्हणायची, गेलास की तुझा कायीच निरोप न्हाई रे. मी चिडायचो. म्हणायचो, दर पत्रात तर धाडतो, तुला सांगत न्हाईत का? ती म्हणायची, न्हाई बा. मला वाटायचं, म्हातारी मुद्दाम म्हणून राहिली. मी जाऊ नये म्हणून.”

“तुम्ही शालूबाईला कधी विचारलं नाही?”

“त्यांच्या अंगणात जाऊन काय इचारायचं? तवाचं गाव तुमाला ठाऊक न्हाई.” थोड्या वेळानं ते पुन्हा म्हणाले, “आई खोटं बोलत न्हवती.”

कार्डं ठेवून जाऊ का, असं साधनानं विचारलं. त्यांनी मान हलवली. त्यांनी ती तिच्या पिशवीत परत ठेवली, तिच्याबरोबर स्टँडपर्यंत चालत आले. बस लागली तेव्हा त्यांनी विचारलं,

“घरी कोण कोण असतं तुमच्या?”

“मीच असते.”

त्यांनी फक्त हात जोडले. बस वळेपर्यंत ते तिथंच उभे असलेले तिला दिसत होते.

त्यानंतर कितीतरी दिवस साधनानं एकही कार्ड घेतलं नाही. लोक “टाकून द्या” म्हणायचे आणि ती “तुमचं तुम्ही न्या” म्हणायची. आपण बरोबर केलं की नाही, हे तिला कळत नव्हतं. एक म्हातारा माणूस आयुष्यभर एका गोष्टीवर टेकून बसला होता, ती आपण काढून घेतली. त्यापेक्षा हो म्हटलं असतं तर? हे कुणाला तरी विचारावं असं वाटायचं. भावाचा नंबर तिनं एकदा काढला. त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं असतं, पोस्टकार्डं काय, पुसेगाव कुठलं, आणि तू हे काहून करून राहिलीस. तिनं फोन ठेवून दिला. आई असती तर तिनं ऐकून घेतलं असतं आणि मग नक्की काहीतरी भलतंच बोलली असती. तेही चाललं असतं.

दुपारची वेळ होती. काउंटरवर एक बाई रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला उभी होती, तेव्हा फोन वाजला.

“भीमराज बोलून राहिलो. वसमतहून.”

साधनानं मशीन बंद केली. त्या बाईला तिनं हातानंच थांबायला सांगितलं.

“पुसेगावला गेलतो,” ते म्हणाले. “आई गेल्यानंतर पहिल्यांदा. प्रेमानंदला म्हणलं, चल, शालू वैनीकडं जाऊ. ओसरीत बसलो. वैनीनं च्या केला. त्या कायी बोलंनात, मी बी बोलंना. प्रेमानंद आमच्या तोंडाकडं बघून राहिला. मग आईचं नाव निघालं.”

“काय म्हणाल्या?”

“वैनी म्हणल्या, पद्माबाईसारखी हसरी बाई दुसरी न्हवती वावरात. सगळ्यांच्या नकला करायची म्हणे. गुरुजीची, पाटलाची, माझीबी. निंदण मागं पडायचं इतक्या हसायच्या बाया.” ते थांबले. “मी तिला हसताना बघितलंच न्हाई, ताई. घरी आली की दमून पडायची. मला वाटायचं, तिचा सोभावच तसा. माझी नक्कल कशी करायची ते वैनींनी करून दाखवलं.”

“कशी?”

“म्हंजे, बोट असं वर करून. मी अजूनबी तसंच बोलतो म्हणे.”

ते हसले असावेत, किंवा दुसरं काही असेल. फोनवर कळलं नाही. काउंटरवरच्या बाईनं रेशनकार्ड पदरानं पुसलं आणि बाकड्यावर बसली.

“मी सांगायला नको होतं का, असं वाटत होतं मला,” साधना म्हणाली. “रोज वाटत होतं.”

“रागच आलता तुमचा. खोटं कशाला बोलू? दोन दिवस आलता.” पुढे ते काहीतरी बोलणार होते, पण त्यांनी सोडून दिलं. “जेवलात का?”

तिनं मागे वळून पाहिलं. स्वयंपाकघरात सकाळची कणीक तशीच झाकलेली होती.

“जेवले,” ती म्हणाली.

“बरं. करतो मग मी पुन्यांदा फोन.”

तिनं मशीन चालू केली. ती तापेपर्यंत दोघीही थांबल्या. बाईनं विचारलं, “कुणी घरचं व्हतं का, ताई?”

“नाही,” साधना म्हणाली, आणि तिनं रेशनकार्ड काचेवर सरळ लावलं.